आठ गुणांचा हिशेब

बैलगाड्यांच्या शर्यतीवरून भावकीत वर्षानुवर्षं बोलणं बंद पडल्याच्या गोष्टी आपल्या सीमाभागात कुणाला नव्या नाहीत. कुणाचा बैल आधी सुटला, पंच कुणाचा पाहुणा होता, यावर चिकोडी-निपाणीकडं पारावर रात्री जागल्या आहेत. पण सातासमुद्रापलीकडच्या एका मोटार हाकणाऱ्या माणसावरून टिळकवाडीतल्या घरात आमटी थंड व्हावी, हे जरा जास्तच झालं, नाही का? आमच्याकडं मात्र ते दर मोसमाला होतं. त्या माणसाचं नाव फर्नांदो अलोन्सो.

युरोपातल्या बहुतेक फॉर्म्युला वन शर्यती आपल्याकडं रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात. म्हणजे नेमकी देवापुढं दिवा लावायची वेळ. सौभाग्यवती म्हणतात, दिवा लावून होईपर्यंत तरी त्या गाड्यांचं नरडं बंद ठेवा. आवाज बंद करून चित्र चालू ठेवायचं, अशी तडजोड घरात झालेली आहे.

आता पक्ष सांगतो. नातू दहावीला आहे आणि अलोन्सोचा कट्टर भक्त. त्याची आई, म्हणजे आमच्या सूनबाई, धारवाडच्या. धारवाडला कॉलेजात असताना त्या मायकेल शूमाकरच्या बाजूच्या होत्या आणि २००५-०६ साली शूमाकरला हरवणाऱ्या माणसाला त्यांनी अजून माफ केलेलं नाही. तिसरे माझे थोरले बंधू, दादा. वय वर्षं त्र्याहत्तर, उद्यमबागेत त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप. नातू त्यांना दोड्डज्जा म्हणतो. दादांना गुणतक्त्यात रस नाही, हात कसा चालतो ते बघायचं. आणि चौथा मी, बँकेतून निवृत्त झालेला, आकडे सोडून कशावर विश्वास न ठेवणारा. चिरंजीव आहेत, पण ते दोन्हीकडं मान हलवतात. संसारात तेच शहाणपणाचं.

वाद नेहमीचाच. हा माणूस मोठा की नुसता भांडखोर? दोन विश्वविजेतेपदांवर थांबला हे त्याचं दुर्दैव की त्याच्या स्वभावाचं फळ? आणि तिसऱ्याची आशा धरून पंचेचाळिशीपर्यंत गाडीत बसणं हे धाडस की हट्ट? परवाच्या रविवारी मी म्हटलं, रोज रोज वाद नको, एकदाच हिशेब मांडू. वही आणली, मधोमध रेघ ओढली. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे.

आधी जमेची बाजू, नातवाच्या तोंडून.

अलोन्सोचा जन्म २९ जुलै १९८१ चा, स्पेनमधल्या ओव्हिएदो गावचा. वडील स्फोटकांच्या कारखान्यात कामाला. त्यांना गो-कार्टचा नाद. त्यांनी थोरल्या मुलीसाठी हातानं एक छोटी गाडी तयार केली, मुलीला तिच्यात गोडी नव्हती, म्हणून ती तीन वर्षांच्या धाकट्याच्या वाट्याला आली. ही गोष्ट दादांना फार आवडते. बापानं स्वतः वेल्डिंग करून गाडी बनवली असणार, असं ते दर वेळी म्हणतात आणि दर वेळी आम्ही मान डोलावतो.

२००१ साली तो मिनार्डी या सर्वांत गरीब संघातून फॉर्म्युला वनमध्ये आला. वर्षभरात गुण शून्य, पण जाणकारांच्या नजरेत भरला. २००३ साली रेनॉच्या गाडीतून हंगेरीत पहिली शर्यत जिंकली, तेव्हा वय बावीस. तोवरचा तो सर्वांत तरुण विजेता. त्या दिवशी त्यानं खुद्द शूमाकरला एका पूर्ण फेरीनं मागं टाकलं होतं. २००५ साली इमोलाला शेवटच्या कितीतरी फेऱ्या शूमाकरची लाल फेरारी त्याच्या मागं चिकटून होती आणि ह्यानं ती पुढं जाऊ दिली नाही. शेवटी अंतर उरलं ०.२१५ सेकंद! त्या वर्षी सात शर्यती जिंकून तो चोविसाव्या वर्षी विश्वविजेता झाला. २००६ ला पुन्हा सात विजय, पुन्हा विजेता. आपल्या नारायण कार्तिकेयनचं फॉर्म्युला वनमधलं पदार्पण याच २००५ च्या मोसमातलं, त्यामुळं आपल्याकडं अनेक घरांत हा खेळ त्याच वर्षी पोचला.

"हौदल्ल, पण २००६ ला जपानमध्ये शूमाकरचं इंजिन फुटलं म्हणून," सूनबाईंचा आवाज स्वयंपाकघरातून. "दोघांचे गुण सारखे होते, शूमाकर पुढं होता आणि इंजिन गेलं. आणि २००५ ला राइकोनेननं पण सातच जिंकल्या की. त्याची गाडी सारखी बंद पडायची, म्हणून हा विजेता!"

हे खरं आहे. मी ते वहीत नोंदवलं. पण गाडी टिकवून आणणं हाही गुणच, असं दादांचं मत. "यंत्राचा आवाज कळायला लागतो रे," ते म्हणाले. "कधी रेटायचं, कधी सोडायचं. ते ज्याला कळलं, त्याचं टूल तुटत नाही."

२०१२ साल हे नातवाच्या मते त्याचं सर्वांत मोठं वर्ष. फेरारीची गाडी मोसमाच्या सुरवातीला धड चालत नव्हती, तरी भर पावसात मलेशिया जिंकला. व्हॅलेन्सियात अकराव्या जागेवरून सुटून, आपल्याच देशातल्या प्रेक्षकांपुढं पहिला आला. ऑगस्टच्या सुट्टीपर्यंत तो ४० गुणांनी पुढं होता. मग बेल्जियममध्ये सुटतानाच दुसऱ्याची गाडी ह्याच्या डोक्यावरून उडाली, जपानमध्ये पहिल्याच वळणाआधी टायर फाटला. दोन शर्यती शून्यावर गेल्या आणि विजेतेपद तीन गुणांनी गेलं. वेटेल २८१, अलोन्सो २७८.

जमेच्या बाजूला आणखी पुष्कळ आहे. मोनॅकोच्या गल्लीबोळांतली शर्यत दोनदा जिंकली. चोवीस तासांची ल मान्स शर्यत २०१८ आणि २०१९ साली टोयोटाच्या गाडीतून जिंकली आणि सहनशक्तीच्या शर्यतींतलं विश्वविजेतेपदही घेतलं. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत २०१७ साली पहिल्याच खेपेला २७ फेऱ्या आघाडीवर होता, पण इंजिन गेलं. मोनॅको, ल मान्स आणि इंडियानापोलिस अशा तिन्ही शर्यती जिंकणारा आजवर एकच, ग्रॅहॅम हिल. ह्याला त्या पंगतीत बसायचं होतं. वाळवंटातली डकार शर्यतसुद्धा २०२० साली करून आला आणि तेरावा आला. नवीन शिकायला लाज न वाटणं हे चाळिशीच्या माणसात सहसा दिसत नाही, एवढं मीही मान्य करतो.

आता नावे बाजू. इथं मात्र मी आणि सूनबाई एका पक्षात.

२००७ साली तो दोन वेळचा विश्वविजेता म्हणून मॅक्लारेन संघात गेला. सोबतीला दिला होता एक नवखा पोरगा, लुईस हॅमिल्टन. पहिला नंबर आपला, हे ह्यानं गृहीत धरलेलं. पोरगा पहिल्या दिवसापासून बरोबरीनं पळायला लागला. हंगेरीत, शर्यतीतली जागा ठरवण्याच्या फेऱ्यांमध्ये, आधी हॅमिल्टननं संघाचं ऐकलं नाही आणि ह्याला पुढं सोडलं नाही. त्यावर हा टायर बदलून झाल्यावर, जा म्हणून खूण मिळाल्यावरही, दहाएक सेकंद पिटमध्ये तसाच उभा राहिला. मागं हॅमिल्टन ताटकळत होता. त्याला शेवटची फेरी मारायला वेळच उरला नाही. पंचांनी अलोन्सोला पाच जागा मागं ढकललं. पहिल्याऐवजी सहाव्या जागेवरून सुटला आणि चौथा आला.

त्याच वर्षी फेरारीची गुप्त कागदपत्रं मॅक्लारेनच्या माणसाकडं सापडली. अलोन्सो आणि संघाच्या चाचणी चालकामधले ई-मेल पुराव्यात आले. संघाला दहा कोटी डॉलरचा दंड झाला आणि संघांच्या गुणतक्त्यातून नाव गेलं. चालकांना शिक्षा झाली नाही. वर्षअखेर अलोन्सोनं संघ सोडला.

पुढच्या वर्षी सिंगापूर. फॉर्म्युला वनची पहिली रात्रीची शर्यत. अलोन्सो पंधराव्या जागेवर. त्यानं सगळ्यांच्या आधी पिट-स्टॉप घेतला आणि लगेच त्याच्याच रेनॉ संघाचा दुसरा चालक, नेल्सन पिके ज्युनियर, भिंतीवर आदळला. सेफ्टी कार आली, बाकीच्यांची गणितं कोलमडली, अलोन्सो जिंकला. वर्षभरानं उघड झालं की ती धडक मुद्दाम मारायला लावली होती. संघप्रमुख आणि मुख्य अभियंत्याला जावं लागलं. अलोन्सोला हे माहीत होतं असा पुरावा चौकशीत मिळाला नाही, हे इथं स्वच्छ सांगायला हवं. पण त्या रात्री आघाडीवर असलेल्या फेलिपे मासाची शर्यत त्या गोंधळात बिघडली आणि २००८ चं विजेतेपद मासाला एका गुणानं हुकलं. पुढं २०१० साली हाच मासा फेरारीत अलोन्सोचा जोडीदार झाला आणि जर्मनीत पुढं असताना त्याला रेडिओवरून सूचक शब्दांत सांगण्यात आलं की मागचा तुझ्याहून वेगवान आहे. मासा बाजूला झाला. फेरारीला एक लाख डॉलरचा दंड झाला.

"तप्पु तप्पेरी मामा," सूनबाई म्हणाल्या. "पुरावा नाही म्हणजे मन साफ, असं होतं का?"

नातू म्हणाला, "आई, पुरावा नाही म्हणजे पुरावा नाही." दहावीतल्या मुलाला आईपुढं वकिली सुचते, अभ्यास सोडून!

आणि २०१५. पुन्हा मॅक्लारेनमध्ये, आता होंडाच्या इंजिनासह. इंजिन कमकुवत, वरचेवर बंद पडणारं. होंडाच्याच घरी, सुझुकाला, ह्यानं रेडिओवरून ओरडून त्या इंजिनाला खालच्या दर्जाच्या शर्यतीतलं म्हटलं. साऱ्या जगानं ऐकलं. यजमानाच्या दारात त्याच्या स्वयंपाकाला नावं ठेवावीत, तसं झालं.

यावर सूनबाईंची कन्नड म्हण तयार असते: कुणियलारदवळु नेल डोंकु अंदळंते. आपल्या मराठीत नाचता येईना अंगण वाकडे. दोन्ही भाषांत नाचणारीच वाईट आणि अंगणच वाकडं, यावरून आपली घरं किती जुनी जोडलेली आहेत ते कळतं. त्यांचा मुद्दाही बिनतोड. २०१८ साली मॅक्लारेननं होंडा सोडून रेनॉचं इंजिन घेतलं, तरी वर्षभरात एकदाही पहिल्या तिघांत येता आलं नाही. म्हणजे अंगणाबरोबर पायही वाकडे होते! आणि ज्या होंडाला नावं ठेवली, त्याच होंडाच्या इंजिनावर २०२१ साली मॅक्स वर्स्टापेन विश्वविजेता झाला.

आता या लेखाच्या शीर्षकाकडं येतो. अलोन्सोचे चाहते एक हिशेब नेहमी सांगतात. २००७ साली एका गुणानं हुकलं, २०१० साली चार गुणांनी, २०१२ साली तीन गुणांनी. एक अधिक चार अधिक तीन, आठ. आठ गुण जास्त मिळाले असते तर दोनऐवजी पाच विजेतेपदं! ऐकायला गोड आहे. पण मी तीस वर्षं खतावण्या जुळवल्या आहेत, मला असा हिशेब चालत नाही.

पहिली चूक, ही बेरीज वेगवेगळ्या नाण्यांची आहे. २००७ साली शर्यत जिंकली तर १० गुण मिळायचे, २०१० पासून २५. तेव्हाचा एक गुण आताच्या अडीच गुणांएवढा. रुपये आणि आणे एकाच रकान्यात कसे मांडता येतील? दुसरी चूक, तेवढ्या गुणांनी नुसती बरोबरी झाली असती. बरोबरी झाली की विजय मोजतात. २००७ ला राइकोनेनचे सहा विजय, ह्याचे चार. २०१२ ला वेटेलचे पाच, ह्याचे तीन. म्हणजे बरोबरी होऊनही विजेतेपद गेलंच असतं. आठ गुणांत पाच विजेतेपदं बसत नाहीत.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. २०१० साली जर्मनीत मासानं वाट दिली नसती, तर ह्याला २५ ऐवजी १८ गुण मिळाले असते. म्हणजे चारनं नव्हे, अकरानं हुकलं असतं. अबू धाबीच्या शेवटच्या शर्यतीत चौथा आला असता तरी विजेता होता. पण फेरारीनं लवकर पिटला बोलावलं आणि तो जवळजवळ चाळीस फेऱ्या रेनॉच्या पेत्रोव्हच्या मागं अडकला. ज्या रेनॉनं दोनदा विजेता केलं, त्याच रेनॉची गाडी वाटेत आडवी. सातवा आला.

आणि २००७? हंगेरीत तो चौथा आला, गुण मिळाले ५. दुसरा आला असता तर मिळाले असते ८, आणि वर्षअखेर तोच विश्वविजेता ठरला असता, हॅमिल्टन त्या दिवशी जिंकूनसुद्धा. सहाव्याऐवजी पहिल्या जागेवरून सुटला असता तर दुसरा येणं अवघड नव्हतं. त्या ट्रॅकवर पुढच्याला ओलांडणं फार कठीण, म्हणून तिथं सुटण्याची जागाच निम्मी शर्यत असते. कुणाला तरी धडा शिकवण्यासाठी दहा सेकंद उभा राहिला, आणि तिसरं विजेतेपद तिथंच राहिलं.

हे मी मोठ्या तावातावानं वहीत मांडत होतो. दादा शांतपणे म्हणाले, "तुला त्या दहा सेकंदांचा एवढा राग का येतो रे? बाकीचं सगळं सोडून तिथंच कशाला बोलुलालास?"

वाचकहो, त्यांनी सहज विचारलं. मी काही बोललो नाही. पण रात्री झोप आली नाही. दादाला ठाऊक नव्हतं, घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून इथं लिहितो.

मी तालुक्याच्या गावी एका शाखेत होतो, तेव्हाची गोष्ट. नुकते संगणक येऊ लागले होते. हुबळीकडचा एक तरुण नव्यानं रुजू झाला. हुशार, भराभर काम करणारा. मला जिथं दोन तास लागायचे तिथं तो पाऊण तासात मोकळा. लोक त्याच्या काउंटरला जायला लागले. साहेबही त्यालाच हाक मारायला लागले. त्या शाखेत तोवर पहिला नंबर माझा होता.

जुन्या खतावणीत काही शे रुपयांचा फरक येत होता. वर्षानुवर्षं पुढं ओढत आणलेला. तो कुठून येतो हे मला माहीत होतं. एक जुनी नोंद उलट्या बाजूला पडली होती. ती आकडेवारी संगणकात भरण्याचं काम त्या मुलाकडं आलं. तीन संध्याकाळी तो आठ-आठ, नऊ-नऊ वाजेपर्यंत तो फरक शोधत बसला. मला विचारलंही, "सर, तुम्हाला काही अंदाज?" मी म्हटलं, बघ की, तू तर हुशार आहेस. आणि पिशवी उचलून घरी आलो.

काम वेळेत पुरं झालं नाही. तपासणीत संपूर्ण शाखेवर शेरा बसला. शाखेवर म्हणजे माझ्यावरही. त्या वर्षी माझी बढतीची मुलाखत होती, ती गेली. पुढं एकदा मिळाली, पण चार वर्षं उशिरा. मी घरी सांगितलं की वरच्या साहेबांनी अन्याय केला. तेच आजपर्यंत सगळ्यांना खरं वाटत होतं.

मलाही पाच जागा मागं ढकललं होतं, एवढाच त्याचा अर्थ. आणि ढकलणारा मीच होतो.

दुसऱ्या दिवशी नातवाला बोलावून वही पुन्हा उघडली. त्याला म्हटलं, हंगेरीचं अजून काही आहे का तुझ्याकडं? तो हसला. म्हणाला, "अज्जा, २०२१ लिहिलंच नाही तुम्ही."

१ ऑगस्ट २०२१. तीच हंगेरी, तोच ट्रॅक. दोन वर्षं बाहेर राहून अलोन्सो त्या मोसमात परत आला होता, अल्पीन संघात. मधे सायकल चालवताना अपघातात जबडा मोडला होता, तरी आला. तीनच दिवसांपूर्वी चाळीस पुरी झालेली. त्याचा तरुण जोडीदार एस्तबान ओकॉन आघाडीवर होता आणि मागून हॅमिल्टन वादळासारखा येत होता. मधे होता अलोन्सो. दहाएक फेऱ्या त्यानं हॅमिल्टनला अडवून धरलं, तेही नियमात राहून, चाकाला चाक लावून. तेवढ्या वेळात ओकॉन निसटला आणि आयुष्यातली पहिली शर्यत जिंकला. उतरल्यावर अलोन्सो त्याला मिठी मारायला पुढं होता.

चौदा वर्षांपूर्वी त्याच जागी जोडीदाराला अडवायला दहा सेकंद उभा राहिलेला माणूस. आता दहा फेऱ्या झुंजला, तो जोडीदारासाठी.

सूनबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "साक बिडरी मामा, पुढच्याच वर्षी ब्राझीलला त्याच ओकॉनला धडकला की!" तेही खरंच. माणूस एकदम साधू होत नाही. पण वहीत २०२१ ची नोंद जमेच्या बाजूला घ्यावीच लागली, आणि सूनबाईंनी हरकत घेतली नाही. शूमाकरच्या भक्ताकडून एवढं मिळणं म्हणजे पुष्कळ झालं.

राहिला शेवटचा प्रश्न, तिसऱ्या विजेतेपदाचा. इथं मी आकड्यांशी प्रामाणिक राहणार.

वय आडवं येतं का? अर्जेंटिनाचा हुआन मॅन्युएल फँजिओ १९५७ साली शेहेचाळिसाव्या वर्षी विश्वविजेता झाला. पण तो काळ वेगळा. त्यानंतरच्या काळात नायजेल मॅन्सेल १९९२ साली एकोणचाळिसाव्या वर्षी विजेता झाला, तेही सर्वांना नवल वाटलं होतं. खुद्द शूमाकर २०१० ते २०१२ परत आला, तीन वर्षांत एकदाच पहिल्या तिघांत आला. दोन विजेतेपदांत मोठी फट म्हणावी तर निकी लाउडाची, १९७७ आणि १९८४, सात वर्षं. अलोन्सोची फट वीस वर्षांची. ग्रां प्रीतला त्याचा शेवटचा विजय, बत्तिसावा, मे २०१३ मधला, स्पेनमधलाच.

गाडी आहे का? २०२३ साली ॲस्टन मार्टिनमध्ये गेल्यावर त्यानं सगळ्यांना चकित केलं. पहिल्या आठ शर्यतींत सहा वेळा पहिल्या तिघांत, वर्षात आठ वेळा, एकूण चौथा. पण २०२४ ला नववा. २०२५ संपेपर्यंत तो संघ एकही ग्रां प्री जिंकलेला नव्हता. एप्रिल २०२४ मध्ये त्यानं २०२६ पर्यंतचा करार केला, तो एका आशेवर. २०२६ पासून गाड्यांचे नियम मुळापासून बदलणार होते, इंजिनाच्या ताकदीतला जवळजवळ निम्मा वाटा विजेचा होणार होता. नियम बदलले की मागचे पुढं येऊ शकतात. त्यासाठी संघानं कुणाला आणलं पाहा. गाडीची रचना करायला एड्रियन न्यूवी, ज्याच्या रेड बुल गाड्यांनी २०१० आणि २०१२ साली अलोन्सोच्या तोंडचा घास काढून घेतला. आणि इंजिन कुणाचं? होंडाचं! ज्यांच्या दारात जाऊन नावं ठेवली, त्यांच्याच पंगतीला पुन्हा पाट मांडला. होंडानंही जुनं मनात ठेवलं नाही.

तरीही, पैज लावायची तर मी तिसऱ्या विजेतेपदावर आठ आणेसुद्धा लावणार नाही. एखादा विजय? तो मात्र मला बघायचाय. असं मी म्हटल्यावर नातवानं दोन्ही हात वर केले. दोन वर्षांत मी पहिल्यांदाच एवढं दिलं होतं.

सूनबाई म्हणाल्या, "मग थांबायचं कधी माणसानं? कुणीतरी सांगायला नको?" हा प्रश्न अलोन्सोपुरता नव्हता, ते सगळ्यांना कळलं. पुतण्या गेलं वर्षभर दादांच्या मागं लागलाय, आता जुना लेथ बंद करा, डोळ्यांना त्रास होतो, सीएनसीवर मुलं आहेत. दादा मनावर घेत नाहीत.

दादांनी खिशातून चष्म्याची पेटी काढावी तसा मायक्रोमीटर काढला. रविवारीसुद्धा जवळ असतो. नातवाच्या हातात देऊन म्हणाले, "शनिवारी वर्कशॉपला ये. मी केलेले जॉब तू मोजायचे. तीन आठवडे लागोपाठ माप चुकलं तर चौथ्या सोमवारी मी लेथला कुलूप लावतो. पण मोजल्याशिवाय कुणी मला थांब म्हणायचं नाही."

नातू दोन शनिवार जाऊन आला. मापं घरी कुणाला सांगायची नाहीत, असं आज्या-नातवाचं ठरलंय.

मी माझ्याकडून एक काम केलं. हुबळीच्या त्या सहकाऱ्याचा पत्ता जुन्या वहीत सापडला. तोही आता निवृत्तीला आला असेल. ती नोंद कुठल्या पानावर उलटी पडली होती, ते मला आजही पाठ आहे. पत्रात तेवढंच लिहिलं, आणि माफी. आधी मराठीत लिहिलं, मग सूनबाईंकडून कन्नडात नीट करून घेतलं. त्यांनी वाचताना काही विचारलं नाही. शेवटी फक्त म्हणाल्या, "मामा, इथं एक वाक्य जास्त आहे," आणि मी स्वतःची बाजू मांडली होती ते वाक्य खोडलं.

पत्र गेल्या मंगळवारी टपालात टाकलं.